शंभरीचं दावं

गाडी बदलायची झाली तर माणसानं आधी बदलावी आणि मग लोकांना सांगावं. मी उलटं केलं. आधी सांगितलं आणि मग बदलायला निघालो. त्यामुळं पुंडलिकनगरात हल्ली कुणी मला नमस्कार करत नाही, थेट ‘काय झालं मग गाडीचं?’ असं विचारतात. माझी तब्येत, माझं ब्लडप्रेशर, माझी मुलगी यांत आता कुणाला रस उरलेला नाही.

माझं नाव इंद्रजीत वाकळे. इंद्राला जिंकणारा तो इंद्रजीत. हा इंद्रजीत पुढं शंभर सीसीच्या गाडीवर, दोन्ही हँडलला डब्याच्या पिशव्या अडकवून, मुकुंदवाडीच्या सिग्नलला एक पाय टेकून उभा राहील, हे नाव ठेवताना वडिलांच्या डोक्यात आलं नसणार. गाडीला आमच्या घरात शंभरी म्हणतात. शंभर सीसीची म्हणून शंभरी. आमचे शेजारी सुदर्शनराव म्हणतात की आता तिची खरोखरच शंभरी भरलीय. सुदर्शनराव जिल्हा परिषदेतून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून सल्ले देण्याच्या कामावर रुजू झाले. तिथं रजा नसते.

तर त्या डब्यांपासूनच सगळं सुरू झालं. शेंद्र्याला ज्या कंपनीत मी आहे, तिथं आमच्या सेक्शनमधल्या एकाची बायको बाळंतपणाला माहेरी गेली, म्हणून माझ्या बायकोनं, रत्नमालानं, त्याचाही डबा द्यायला सुरुवात केली. भला विचार होता. पण गेटवर नवीन वॉचमन आला होता. त्यानं शंभरी बघितली, दोन्हीकडच्या पिशव्या बघितल्या आणि हात आडवा केला.

“डबेवाले मागच्या गेटनं.”

मी शांतपणे म्हणालो, “मी क्वालिटीत आहे.”

“क्वालिटी चांगलीच असंल हो तुमची,” तो म्हणाला, “पण डबे मागच्या गेटनं.”

मागं गाड्यांची रांग लागली होती. सगळ्या मोठ्या, रुंद टाकीच्या, आणि त्यांच्यावर सगळी कालपरवा लागलेली पोरं. त्यांतला एक माझ्याच हाताखाली आहे. तो हसला नाही. त्यानं हसू दाबलं, आणि तेच जास्त लागलं. मी खिशातून आयकार्ड काढून दाखवलं तेव्हा वॉचमननं फोटो बघितला, मला बघितलं, आणि शंभरीकडं बघून ‘बरं’ म्हणाला. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीवर ‘बरं’ एवढाच शेरा आजवर कुणी मारला नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरात जाहीर केलं की शंभरी द्यायची आणि तिच्या बदल्यात एखादी मोठी, वापरलेली पण चांगल्या घरातली गाडी घ्यायची. नवी घेण्याची आपली ऐपत नाही हे मी बोललो नाही. ते घरात सगळ्यांना पाठ आहे. तनुजा, आमची मुलगी, मोबाईलमधून वर न बघता म्हणाली, “पप्पा, फायनली.” रत्नमाला मेथी निवडत होती. ती म्हणाली, “घ्या की.”

आता ‘घ्या की’ या दोन शब्दांचा अर्थ लावता लावता माझे केस पांढरे झाले. ‘घ्या की’ म्हणजे घ्या. ‘घ्या की’ म्हणजे घेऊन तर बघा. ‘घ्या की’ म्हणजे मला कशाला विचारता, माझं कधी ऐकलंय तुम्ही. त्या दिवशी मी पहिला अर्थ धरला, कारण तो मला सोयीचा होता.

इथं एक गोष्ट सांगून ठेवायला पाहिजे. रत्नमाला घरात फार बोलत नाही. घरात माझी आई असते, तनुजा असते, टीव्ही असतो, आणि दारात सुदर्शनराव असतातच. ती बोलते ती गाडीवर. दर रविवारी आम्ही तिच्या माहेरी बिडकीनला जातो. नक्षत्रवाडी मागं पडली की ती माझ्या खांद्यावर हात ठेवते, तोंड कानाशी आणते आणि आठवड्याभराचं बोलायला लागते. माझं हेल्मेट अर्धं आहे, कान उघडे असतात. तनुजाला कॉमर्सला घालायचं, प्लॉट इतक्यात विकायचा नाही, माझ्या आईला थोरल्याकडून आपल्याकडं आणायचं, हे सगळं पैठण रोडवर ठरलेलं आहे. चितेगावपर्यंत विषय निघतो, बिडकीनचं स्टँड येईपर्यंत निकाल लागतो. मी नुसती मान हलवतो. लोकांचा संसार चार भिंतींत होतो, आमचा पैठण रोडवर होतो, आणि तो बरा चाललाय.

पण माणूस चिडला की असल्या गोष्टी त्याच्या ध्यानात राहत नाहीत. मला फक्त ते ‘बरं’ ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदर्शनराव फाटकाला टेकून म्हणाले, “वाकळे साहेब, जुनी देऊन जुनीच घेणार म्हणे. म्हणजे सर्दी देऊन खोकला घेणं झालं.”

त्यांना कुणी सांगितलं हे मी विचारलं नाही. समोरच्या द्वारकाबाई दारात तांदूळ निवडत होत्या, त्यांनी तिथूनच आवाज दिला, “काळी तेवढी घिऊ नगा.”

“का हो मावशी?”

“उन्हात तापती. आमचा सुयश एकदा बसला आन् बसला तसाच उठला.”

मग सुदर्शनरावांनी मला पुरात बुडालेल्या गाड्यांचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकतात, पण वास जात नाही, असं त्या व्हिडिओत एक माणूस ओरडून सांगत होता. “टाकीचं झाकण उघडायचं आणि हुंगायचं,” सुदर्शनराव म्हणाले. “सीटसुद्धा. लाजायचं नाही.”

मी लाजलो नाही. मोंढा नाक्याजवळ हमीदभाईंचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. तिथं पहिल्याच रांगेत ती उभी होती. साडेतीनशे सीसीची, उंच, भारदस्त, आणि काळी. हमीदभाईंनी तिच्या सीटवरून फडकं फिरवलं.

“डाक्टर की गाडी है साब. दवाखाने से घर, घर से दवाखाना. बारिश में तो निकालेच नै.”

आपल्या शहरातली प्रत्येक जुनी गाडी आधी एखाद्या डॉक्टरची असते. सगळे डॉक्टर गाड्या फक्त दवाखान्यापर्यंत नेतात आणि पावसात काढत नाहीत. मग पावसाळ्यात पेशंटचं काय होतं, हा प्रश्न मला पडला होता, पण मी विचारला नाही. मी वाकून सीट हुंगली, टाकी हुंगली, मागचं चाकही हुंगलं. हमीदभाईंनी फडकं खांद्यावर टाकलं.

“साब, सूंघ के क्या देख रै? अत्तर नै है, गाडी है.”

मग मी बसलो. आरशात मला जो माणूस दिसला, त्याला कुणी डबे मागच्या गेटनं न्यायला सांगितलं नसतं. खरं सांगतो, इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. हमीदभाई गाडी नाही, माणूस पारखतात. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाले, “ले जाओ साब. इतवार तक चलाओ. पसंद आई तो इतवार की शाम को मैं खुद आतूँ, तुमारी गाडी और ऊपर का जो ठैरा वो ले जातूँ. नै आई तो ये वापस. कागज के लिए बस चेसिस नंबर का पेन्सिल मार के रखो.”

चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची की नंबर कागदावर उठतो. लहानपणी आम्ही नाण्यांचं करायचो तेच. हा नंबर गाडीच्या मानेवर, हँडलच्या खाली असतो, असं आरटीओच्या एजंटनं फोनवर सांगितलं. शंभरीच्या मानेवर मात्र नंबर नव्हता. तिथं हळदीकुंकू होतं.

रत्नमाला दसऱ्याला गाडीची पूजा करते. लोक हळदीकुंकू पुढच्या दिव्याला लावतात. तिला ते पटत नाही. दिवा म्हणजे गाडीचा डोळा, डोळ्यात कुणी कुंकू घालतं का, असं तिचं म्हणणं. मग कपाळ शोधत शोधत ती हँडलच्या खाली पोचली आणि दर दसऱ्याला तिथंच बोटं टेकवत राहिली. ऑइल, धूळ आणि हळदीकुंकू यांचा तिथं असा थर बसला होता की खालचं लोखंड दिसेना. मी रस्त्यावर गुडघे टेकून, पेट्रोलात बुडवलेल्या जुन्या ब्रशनं घासत बसलो.

“काय हरवलं का?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“नंबर,” मी म्हणालो.

“नंबर दिसत नसेल तर खाडाखोडीचा संशय येतो,” सुदर्शनराव कंबरेवर हात ठेवून म्हणाले. “पंचनामासुद्धा होऊ शकतो. मी बघितलेत.”

रत्नमाला बाहेर आली. रस्त्यावर लाल-पिवळं पाणी ओघळत होतं. ती म्हणाली, “दसऱ्याचं होतं ते,” आणि आत गेली. मी ऐकलं, पण हात थांबवला नाही. नंबर शेवटी उठला. मी खुशीत एजंटला फोन केला तर तो म्हणाला, “छान. आता आरसीवर गावाचं जुनं नाव हाय आन् आधारवर नवीन. तुमी गाव बदललं का?”

“मी नाही बदललं. मी इथंच आहे.”

“मंग तसं स्टॅम्पवर लिहून द्या.”

म्हणजे मी हललेलो नाही असं प्रतिज्ञापत्र मला करावं लागलं. नोटरीनं मला दोनदा विचारलं की नक्की कुठून हलला नाहीत.

शनिवारी माझे सासरे आले. सर्जेराव मामा, म्हणजे रत्नमालाचे आबा, बिडकीनचे. त्यांची निम्मी जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली, उरलेल्या निम्म्यात ते अजून राबतात. बैल आता त्यांच्याकडं नाहीत, ट्रॅक्टर भाड्यानं येतो, पण विकत घ्यायची कुठलीही वस्तू ते बैलासारखीच बघतात. आमचा फ्रिज आला तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. नवं वाहन दारात येतंय म्हणून ते नारळ घेऊन, काळी-पिवळी जीप धरून आले होते.

त्यांनी साडेतीनशेला एक फेरी मारली. हँडल दोन्ही हातांनी धरून शिंगं हलवतात तसं हलवलं. सीट दाबून बघितली.

“खोड काय हाय हिला?” त्यांनी मला विचारलं.

“खोड नाही मामा. डॉक्टरची गाडी आहे.”

“डॉक्टरनं का काढली मंग?”

मामांनी मागच्या सीटवर हात ठेवला. ती सीट पुढच्यापेक्षा वीतभर वर होती, आणि जरा निमुळतीच होती. “वशिंड लई उंच हाय,” ते म्हणाले. मग ते शंभरीकडं गेले, घासून लख्ख झालेल्या तिच्या मानेवरून बोट फिरवलं, आणि चहा घेताना म्हणाले, “पाव्हणं, हिला देताय तर द्या. पर दावं दिऊ नका.”

“मामा, गाडीला कुठं दावं असतं?”

“असतंय की,” मामा म्हणाले, आणि बशीतला चहा संपवला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं बैल विकला, गाय विकली, तरी तिच्या गळ्यातलं दावं देत नाहीत. दावं म्हणजे बांधायची दोरी. घेणारा आपली दोरी घेऊन येतो, विकणारा आपली सोडून घेतो आणि गोठ्यात खुंटीला अडकवतो. जनावर जावं पण घरातली बरकत त्याच्यामागं जाऊ नये, हा त्यातला भाव. मी म्हटलं, म्हातारं माणूस आहे, बोलू द्यावं. नारळ फोडून, खोबरं वाटून मामा दुपारच्या जीपनं गेले.

रविवारी सकाळी शंभरी पुसून ठेवावी म्हणून मी खुंटीकडं हात नेला तर चावी नव्हती. शंभरी अंगणात, हँडल लॉक करून, मान वळवून उभी. दुसरी चावी तर गाडी घेतली त्याच वर्षी हरवलेली. सोफ्याखाली, आईच्या जपमाळेच्या पिशवीत, सगळीकडं बघून झाल्यावर रत्नमालानं बिडकीनला फोन लावला, ‘हो का, हो का’ म्हणाली आणि ठेवला.

“आबांनी नेली,” ती म्हणाली. “दावं म्हणून.”

मी हमीदभाईंना फोन केला. म्हटलं गाडी टेम्पोत घालून न्या, चावी नंतर देतो. “नक्को साब,” ते म्हणाले. “बगैर चावी की गाडी देख के पुलिस मेरेकू पैले चावी पूछती, बाद में नाम. शाम को आतूँ मैं, चावी लाके रखो.”

रविवार होताच. बिडकीनला जायचंच होतं. मी साडेतीनशे बाहेर काढली आणि रत्नमालाला म्हटलं, “चल.”

ती साडी सावरून आली आणि गाडीशेजारी उभी राहिली. शंभरीवर ती कशी बसते हे मी कधी बघितलेलंच नाही. मी पुढं तोंड करून असतो, मागं गाडी जराशी दबते आणि ‘चला’ असं ऐकू येतं, एवढंच मला माहीत. या वेळी गाडी दबेना. तिनं एकदा पाय उचलून बघितला. मग पायरीजवळ गाडी लावली, तिथून बघितलं. गेल्या वर्षापासून तिचा डावा गुडघा दुखतो. सुदर्शनराव आले आणि म्हणाले, गाडी तिरकी करा. मी तिरकी केली, तेव्हा मीच पडता पडता वाचलो. द्वारकाबाईंनी घरातून पाट आणून दिला. पाटावरून रत्नमाला एकदाची वर गेली, आणि गेली ती थेट माझ्या डोक्याच्याही वर. खांद्यावर हात ठेवायला तिला वाकावं लागत होतं. तिनं हात काढला आणि मागचा दांडा धरला.

“नीट बसलीस ना?”

“बसले की,” ती म्हणाली. सगळी गल्ली बघत होती, आणि ती पदर सारखा करत होती. मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

पैठण रोडला रस्त्याचं काम चाललंय, धुरळा होता, पण गाडी मात्र खरंच सुरेख चालली होती. लोक बाजूला होत होते. एका ट्रॅक्टरवाल्यानं तर मला हात केला. मी छाती पुढं काढून बसलो होतो. चितेगावजवळ पाठीवर काहीतरी टेकलं, कानाशी पदर फडफडला, आणि रत्नमाला काहीतरी म्हणाली. खाली इंजिन धडधडत होतं. मला एक अक्षर कळलं नाही. मी सवयीनं मान हलवली.

आणि मग मला घाम फुटला. आपण कशाला होकार दिला हे मला माहीत नव्हतं. प्लॉट विकला गेला असेल. तनुजाचं लग्न ठरलं असेल. मी ओरडून विचारलं, “काय म्हणालीस?” तिनं काही सांगितलं असेल तर तेही मला ऐकू आलं नाही.

बिडकीनला गाडी थांबली तसं मी वळून म्हणालो, “चितेगावला काय म्हणत होतीस?”

“काही नाही,” ती दांडा सोडून हळूहळू उतरली. उतरायला तिला पाट नव्हता. मी हात दिला.

“काही नाही कसं? बोललीस की.”

“तुम्ही मान हलवली की.”

“हलवली. पण ऐकू आलं नव्हतं.”

तिनं माझ्याकडं बघितलं. “मग हलवली कशाला?”

इतक्या वर्षांत मी आणखी किती वेळा अशीच मान हलवली असेल, हा हिशेब तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. “गाडीवरचं गाडीवर,” ती म्हणाली. “खाली उतरून काय बोलायचं,” आणि आईला भेटायला आत गेली.

मामांनी मला गोठ्यात नेलं. आता तिथं खताची पोती असतात, पण भिंतीला खुंटी तशीच आहे. तिच्यावर पाच-सहा दावी अडकवलेली, काळी पडलेली. मामांनी एकेकाला हात लावून नावं सांगितली. हे हरण्याचं, हे मोत्याचं, हे त्या मारक्या खिल्लाऱ्याचं. सगळ्यांत खाली, लाल दोऱ्यात ओवून, शंभरीची चावी.

“मामा, बैल दाव्याशिवाय जातो,” मी म्हणालो. “गाडी चावीशिवाय हलत नाही.”

“घेणारा आपलं दावं आणतो की.”

“चावी तशी आणता येत नाही मामा. त्या गाडीला हीच लागते.”

हे मात्र त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी चावी बोटांनी उलटीपालटी केली. “म्हंजी देणाऱ्यानं दावंसुदीक देऊन टाकायचं? काय बी ठिवायचं न्हाई?”

“काहीच नाही.”

“लई वंगाळ रीत हाय,” मामा म्हणाले, आणि त्यांनी चावी काढून माझ्या हातावर ठेवली. जेवताना त्यांनी मला आग्रह करून दोन भाकरी जास्त वाढायला लावल्या. घरात काही बिघडलं की ते असंच करतात.

परतताना रत्नमाला ओट्यावरून चढली. चितेगाव आलं. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि विचारलं, “आता सांग.”

“काय सांगू? चला, आई वाट बघत असतील.”

पुढं गेवराई तांड्याला पुन्हा थांबलो. “तनुजाचं होतं का?” “नाही हो.” “प्लॉटचं?” “कुठला प्लॉट?” मागचा जीपवाला हॉर्न देऊन गेला. नक्षत्रवाडी आली तरी ती आपणहून एक शब्द बोलली नाही. रागावली नव्हती. ऐकू जात नाही म्हटल्यावर कशाला बोला, इतकंच. सवय लागायला किती वेळ लागतो. अशा चारदोन रविवारांनंतर तिनं बोलायचंच सोडून दिलं असतं आणि मला तेही कळलं नसतं. त्या मोठ्या गाडीवर, लोक बाजूला होत असताना, मला अगदी एकटं वाटलं. गाडीवर माणसं दोन होती आणि मी एकटाच चाललो होतो. खिशात चावी मांडीला टोचत होती.

संध्याकाळी हमीदभाई मेकॅनिकला घेऊन आले. सुदर्शनराव खुर्ची घेऊनच आले होते. द्वारकाबाई होत्या. तनुजानं मोबाईल खाली ठेवला होता, यावरून प्रसंगाची कल्पना यावी.

“लाओ साब चावी,” हमीदभाई म्हणाले.

मी चावी काढली, मुठीत धरली आणि म्हणालो, “नाही द्यायची.”

“कायकू साब? इंजन में कुछ?”

“इंजिन चांगलं आहे.”

“फिर ब्रेक?”

“ब्रेकही चांगला आहे.” मला खरं कारण सांगता येईना. सगळ्या गल्लीसमोर, बायकोचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून गाडी परत करतोय, असं कसं सांगणार. मी म्हणालो, “आवाज फार आहे.”

हमीदभाईंनी माझ्याकडं दयेनं बघितलं. “आवाज के वास्तेच तो लेते लोगाँ.”

“मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो,” सुदर्शनराव म्हणाले. ते काय म्हणाले होते हे त्यांनी सांगितलं नाही.

“बरं झालं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “काळीच हुती.”

तनुजा म्हणाली, “पप्पा, सीरियसली?” आणि आत गेली. डॉक्टरची गाडी धडधडत गल्लीच्या टोकाला वळली. आपल्या हातानं आपण आपली किंमत घालवली असं मला वाटलं, हे लपवत नाही. उद्या पुन्हा दोन डबे, पुन्हा ते गेट, पुन्हा ते ‘बरं’. रत्नमाला दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मला काही वाचता येईना.

मी शंभरीचं हँडल सोडवलं. किक मारली. तिसऱ्या किकला सुरू झाली.

“पिशवी घे,” मी म्हणालो. “भाजी आणू.”

मागं गाडी जराशी दबली. “चला,” असं ऐकू आलं. गजानन महाराज मंदिराच्या रस्त्याला लागलो तेव्हा खांद्यावर हात आला.

“आता तरी सांग,” मी म्हणालो.

“काय?”

“चितेगावचं.”

“जाऊ द्या. आता काय उपयोग?”

“तरी सांग.”

“मी म्हणलं,” ती कानाशी म्हणाली, “लई शोभती गाडी तुम्हाला. घेऊन टाका. माझ्या गुडघ्याचं मी बघते.”

मला ब्रेक लावावासा वाटला, पण मागं रिक्षा होती. लग्नात लोकांनी फोटो चांगला आला म्हटलं होतं, त्यानंतर आजवर मला काही शोभतं असं कुणीही म्हटलेलं नव्हतं. आणि जे म्हटलं गेलं ते मी मान हलवून धुरळ्यात सोडून दिलं होतं. मी उगाच हॉर्न वाजवला.

“आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं की. तुम्ही मान हलवली.”

मंडईचे दिवे दिसायला लागले होते. मी वेग कमी केला.

“ऐकू नाही आलं,” मी म्हणालो.

आलं होतं. एकूण एक शब्द आला होता. तिनं तोंड आणखी जवळ आणलं आणि पुन्हा सांगितलं, आणि मी भाजीवाल्यांसमोरून गाडी तशीच पुढं नेली.